एमएच ३७ आणि लाल रंगाचा ‘एल’

घरात पोरं गाडी शिकायच्या वयाला आली की घराघरात एकच चर्चा सुरू होते, ‘कोणती घ्यायची?’ आमच्या वाशीमच्या घरातही झाली. उत्तर शोरूममध्ये मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते जिल्ह्याच्या रस्त्यांवर!

दिवाळीच्या तीन आठवडे आधी दादाचा फोन आला. “तू पुण्यात गाडी चालवते, तुला समजते त्यातलं. यंदा नवी घ्यायची आहे. पोरांना शिकता येईल अशी सांग.”

आपण खूश! घरात पहिल्यांदा कुणीतरी मला गाडीबद्दल विचारत होतं. दादा पंधराव्या वर्षी काकांची जीप शेतात फिरवायचा. मी मात्र पुण्यात नोकरी लागल्यावर, सत्ताविसाव्या वर्षी, रीतसर फी भरून शिकले. ‘तुला काय करायची गाडी’ हे वाक्य तोपर्यंत पाठ झालं होतं.

तर २०२५ च्या दिवाळीला मी माझी चार वर्षांची हॅचबॅक घेऊन निघाले. छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गाला लागलं की मालेगावपर्यंत सरळ पट्टी. (आमचं मालेगाव हं, नाशिकचं नव्हे! ‘मालेगाव जहांगीर’ म्हटलं की घोळ होत नाही.) खाली उतरलं की दोन्ही बाजूंना काळी माती, कापणी झालेल्या सोयाबीनचे ढीग आणि नंबरप्लेटवर एमएच ३७. वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळं झालं, तेव्हा आमच्या पिढीला ‘आपला जिल्हा’ मिळाला. तसं गाव जुनंच. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे हेच वाशीम. पण शाळेत असताना आम्हाला वाकाटकांपेक्षा नव्या नंबरप्लेटचंच कौतुक जास्त!

जुनी गाडी, जुना फंडा

अंगणात आमची मारुती ८०० उभी होती. २००८ सालची, अकोल्याहून सेकंडहँड आणलेली, म्हणून नंबर एमएच ३०. दादाचा प्लॅन एकदम क्लिअर होता. “हे ठेवतो पोरांना शिकायला. ठोकली तरी दुःख नाही. नवी आपल्यासाठी.”

हा फंडा तुमच्याही घरात असणार. शिकाऊंना जुनी आणि सराईतांना नवी. माझाही होता. पण जरा उलटं करून बघा. गाडी ठोकायची शक्यता सर्वांत जास्त कुणाची? शिकणाऱ्याची. मग एअरबॅग, एबीएस आणि नीट लॉक होणारा सीटबेल्ट यांची गरज सर्वांत जास्त कुणाला? दादाला पत्र्याचं दुःख होणार नव्हतं, पण प्रश्न पत्र्याचा नव्हताच.

८०० वर माझंही प्रेम आहे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये आली आणि तीस वर्षं तिने अर्ध्या देशाला गाडी शिकवली. २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून बघितल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार! तेव्हापासून चित्र बरंच बदललंय. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, त्याच जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर. आमच्या ८०० मध्ये यातलं काही नाही. तिच्यात सीटवर घातलेली वहिनीच्या हातची विणलेली कव्हरं आहेत.

“आणि शिकणार कोण?” मी विचारलं.

“दोघंही. पण पोट्ट्याला तर येतेच,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. का, ते मला माहीत होतं.

जूनमधली ती रात्र

जून महिन्यात एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. दादा खताच्या कामाने नागपूरला. वाशीमच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले अकोल्याला न्या. अकोला साधारण ऐंशी किलोमीटर. १०८ ला फोन करायचं त्या गोंधळात कुणालाच सुचलं नाही. माझ्या भाच्याने ८०० ची किल्ली उचलली. वय वर्षं सोळा. मागे बाबा, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली माझी भाची, पुढे वहिनी. पाऊस सुरू होता. मेडशीचा घाट पार करून पोरगं अकोल्याला पोचलं. बाबा वाचले.

तेव्हापासून तो घरातला हीरो. येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट सांगितली जाते. मीसुद्धा ऑफिसमध्ये सांगितली होती, जाम अभिमानाने. गोष्टीत एक वाक्य मात्र कुणीच म्हणत नाही. मागच्या सीटवर बसलेली भाची तेव्हा अठरा पूर्ण होती आणि तिला गाडी येत नव्हती, कारण तिला कुणी शिकवलीच नव्हती.

सप्टेंबरमध्ये तिने स्वतःच लर्निंग लायसन्स काढलं. वाशीमच्या एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस जाऊन आली. दादाचं म्हणणं, “तिचं कॉलेज अकोल्याला, होस्टेलवर राहते. तिला कुठं लागते गाडी?”

म्हणजे नवी गाडी ‘पोरांसाठी’ होती. पण मनात पोरगा होता. लायसन्स पोरीकडे होतं.

मग मी ठरवलं, शोरूमला जायच्या आधी तीन दिवस माझ्या गाडीतून जिल्हा फिरायचा. पुढे-मागे लाल रंगाचा ‘एल’ लावून भाची चालवणार, मी शेजारी. भाचा मागे. “मी मागे?” त्याचा चेहरा बघण्यासारखा होता!

दिवस पहिला : पाटणी चौक

दिवाळीच्या तोंडावर वाशीमच्या पाटणी चौकातून गाडी काढणं म्हणजे लायसन्सच्या टेस्टपेक्षा अवघड. समोरून ऑटो, डावीकडून आकाशकंदिलांची हातगाडी, उजवीकडून तीन जण बसलेली मोटरसायकल. आणि सगळ्यांच्या मधोमध एक गाय. तिला कशाचंच टेन्शन नाही.

भाचीची गाडी दोनदा बंद पडली. मागून हॉर्नची आरती सुरू झाली. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, ती मान उंच करून बघतेय. उंची पाच फूट. तिला बॉनेट दिसतच नव्हतं! ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ती उशी घेऊन बसायची. मी सीटच्या बाजूची दांडी ओढून सीट वर केली. चौथ्यांदा गाडी सुरळीत निघाली. बालाजी मंदिराच्या बोळांतून पद्मतीर्थाकडे जाऊन परत आली, एकाही आरशाला ओरखडा नाही.

साधी गोष्ट. पण ड्रायव्हरची सीट वर-खाली होणं अनेक गाड्यांच्या सर्वांत स्वस्त व्हेरिएंटमध्ये नसतं. ब्रोशरमध्ये ते शेवटच्या पानावर असतं, आणि सनरूफ पहिल्या पानावर! घरातले चार जण वेगवेगळ्या उंचीचे असताना एकच गाडी चालवणार असतील, तर ही दांडी सनरूफपेक्षा शंभर पटीने महत्त्वाची. शिकणाऱ्याला आधी दिसलं पाहिजे. पुढच्या काचेच्या बाजूचे खांब फार जाड नकोत, मागची काच चिंचोळी नको, आरसे मोठे हवेत. शोरूममध्ये मुलांना नुसतं बसवू नका, तिथूनच विचारा, “तुला काय काय दिसतंय?”

दिवस दुसरा : मेडशीचा घाट

वाशीम-मालेगाव-मेडशी-पातूर-अकोला. हा राष्ट्रीय महामार्ग १६१. नांदेड-हिंगोलीकडून येणारे सगळे ट्रक इथूनच अकोल्याला जातात. मेडशीपर्यंत शेतं, मग सागाची झाडं आणि वळणं सुरू होतात. भाचीने मालेगावपर्यंत छान चालवली. पुढे मी घेतली. मेडशीला चहासोबत आलूबोंडा खाल्ला. (सोबत तळलेली मिरची पाहिजेच.) परत येताना एका रिकाम्या, सरळ गावरस्त्यावर मी तिला दोन गोष्टी करायला लावल्या.

पहिली, चाळीसच्या स्पीडला करकचून ब्रेक. एबीएसचा ब्रेक पूर्ण दाबला की पायाखाली थरथरतो. नवीन माणूस घाबरून पाय उचलतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. पाय दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग वळवत राहायचं. चाक लॉक होत नाही म्हणून गाडी वळते. जुन्या गाडीत चाकं लॉक झाली की गाडी आपलं न ऐकता सरळ जाते. भाचीने तीनदा केलं. तिसऱ्यांदा हसत.

दुसरी, चढावर थांबून परत निघणं. इथे आमची नेहमीची चर्चा झाली, गिअर की ऑटोमॅटिक? लायसन्स दोन्हींसाठी एकच. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये क्लचची कटकट नाही, म्हणून एएमटी नवशिक्यांना आवडतं. पण एएमटी गिअर बदलताना क्षणभर थबकतं, ओव्हरटेक करताना ते कळतं. आणि हिल-होल्ड नसेल तर चढावर गाडी मागे सरकते. आमच्याकडे निर्णय दुसऱ्याच कारणाने झाला. अडीअडचणीला शेजाऱ्याची गाडी काढावी लागते आणि ती गिअरचीच असते. म्हणून भाची म्हणाली, “आत्या, गिअरचीच. पण हिल-होल्डवाली!”

तेवढ्यात भाचा मागून बोलला. बराच वेळ तो गप्प होता.

“आत्या, त्या रात्री घाटात समोर ट्रॉली होती. लाईट नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, काहीच नव्हतं. मला ती दिसलीच नाही. एकदम समोर आली.”

“मग?”

“ब्रेक मारला तर गाडी सरळच चालली. मग हँडल मारलं, रस्त्याच्या खाली उतरली, परत वर आली. आईचे डोळे मिटलेले होते. ताईने पाहिलं.”

भाचीने आरशातून त्याच्याकडे बघितलं. काही बोलली नाही. चार महिने दोघांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. हीरोच्या गोष्टीत ते बसत नव्हतं ना!

‘मले दिसत होते त्याचे हात’

रात्री जेवताना मी विषय काढला नाही. भाच्यानेच काढला. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, “अरे, पण तू नसता तर...”

“मी नसतो तर १०८ ला फोन केला असता,” पोरगा म्हणाला.

बाबा एरवी जेवताना बोलत नाहीत. ते म्हणाले, “मी मागं झोपलेलो होतो. मले त्याचे हात दिसत होते. समोरून ट्रकचा लाईट आला का हात थरथरत होते बाप्पा. छाती दुखणं मी विसरलो होतो.”

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेचा अपघात झाला, दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा मी तावातावाने स्टेटस टाकले होते. श्रीमंतांची पोरं, वगैरे वगैरे. आणि माझ्याच घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट मी ऑफिसमध्ये कौतुकाने सांगत होते. बाबा वाचले हा आमच्या नशिबाचा भाग. कायदा नशीब बघत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ ‘अ’ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. वर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, ते वेगळंच.

दादाने ताटातून नजर वर केली नाही. पण ८०० ची किल्ली त्या रात्री खुंटीवरून कपाटात गेली.

दिवस तिसरा : समृद्धी आणि संध्याकाळ

शेलूबाजारहून समृद्धीवर चढलो तेव्हा गाडी मी चालवत होते. शिकणाऱ्याने इथे येऊ नये, हे माझं मत. कारची मर्यादा १२०. दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, गाय नाही. वाटतं, किती सोपं! तेच तर धोक्याचं. वळण नाही, थांबा नाही, डोळ्यांवर झापड येते. ऐंशीच्या वर गेलं की बझर अधूनमधून वाजतो, एकशेवीसनंतर थांबतच नाही. २०१९ च्या जुलैपासून हा बझर सगळ्या नव्या कारना सक्तीचा आहे. मोठ्यांना त्याचा राग येतो. नवशिक्यांच्या आईबापांनी मात्र त्याला देव मानावं!

चढण्याआधी भाच्याकडून टायरमधली हवा तपासून घेतली. सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास पळणाऱ्या गाडीचं टायर हा चेष्टेचा विषय नाही. पोरगं एकदम सिरियस. सकाळी थंड टायरवर किती, दाराजवळच्या स्टिकरवर किती, सगळं वहीत लिहून घेतलं.

कारंजा लाडला उतरलो. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. गुरुमंदिरात दर्शन घेतलं. जवळच कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य. परत येताना मंगरूळपीरमार्गे जुन्याच रस्त्याने आलो, मुद्दाम संध्याकाळी. खरा पेपर इथे होता. रस्त्याच्या अर्ध्या भागात वाळत घातलेलं सोयाबीन, दोन बाजूंना दगड ठेवलेले. लाईट नसलेल्या ट्रॉल्या. अप्परवर येणाऱ्या गाड्या. आणि अचानक बांधावरून रस्त्यावर आलेला रोही! (शहरी मंडळींसाठी, नीलगाय.) मी ब्रेक मारला, पाय दाबून ठेवला. गाडी थांबली. रोह्याने आमच्याकडे बघितलं आणि निवांत पलीकडे गेला.

“हॉर्न नाही मारला?” भाचा.

“आधी पाय, मग हॉर्न,” भाचीनेच उत्तर दिलं.

या एका संध्याकाळी मला यादी मिळाली. चांगला हेडलाईट पाहिजे. गावरस्त्याला, पावसाळ्यातल्या काळ्या चिखलाला पुरेल इतकी उंची पाहिजे, जमिनीपासून १८० मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. ताकद मात्र बेताची. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन भरपूर झालं. टर्बो नको. दोन गाड्यांच्या मधून ‘निघेल’ असा मोह अठराव्या वर्षी होतोच, गाडीने त्यात मदत करू नये. गाडी अशी हवी, जी चूक पोटात घालेल.

शेवटी कोणती?

अकोल्याच्या एका शोरूममध्ये गेलो. सेल्समनने पहिलं वाक्य टाकलं, “सर, मुलांना सनरूफ जाम आवडतो.” दादा म्हणाला, “ईएससी आहे का ते सांगा.” मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या! (ईएससी म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणणारी यंत्रणा.)

चार मीटरच्या आतली, १.२ पेट्रोल. अशा छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, तोही हिशोबात धरला. यादीत टाटा पंच होती. २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार दिलेले, जमिनीपासून उंची १८७ मिलिमीटर. २०२४ मध्ये पाच स्टार मिळवलेली नवी डिझायरही होती. दोन्ही चालवून बघितल्या, म्हणजे भाचीने बसून बघितल्या. उंच बसायला मिळतं आणि गावरस्ता आहे म्हणून घरात पंच आली. तुमचा रस्ता वेगळा असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

दोन किल्ल्या मिळाल्या. एक दादाकडे. दुसरी भाचीकडे. भाच्याकडे हवेची वही आहे. अठरा व्हायला अजून किती महिने, ते तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय, दर महिन्याला खोडून.

नोव्हेंबरमध्ये भाचीला पक्कं लायसन्स मिळालं. त्यानंतर बाबांची तपासणी होती, अकोल्याला. गाडी तिने नेली, दिवसाउजेडी, दादा शेजारी. रात्री मी बाबांना फोन केला. घाट कसा वाटला विचारलं.

“घाट?” बाबा म्हणाले. “काय माहीत. मले झोप लागली होती.”

गाडी घेताना...

* शिकणाऱ्याला जुनी, मोठ्यांना नवी हा हिशोब सोडा. सर्वांत सुरक्षित गाडी सर्वांत नवख्या हातात द्या.
* स्टार बघताना कुठल्या वर्षीची चाचणी तेही बघा. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. २०२२ पासून ग्लोबल एनकॅपचे निकष आधीपेक्षा कडक झाले आहेत.
* पैसे कमी पडले तर सनरूफ आणि मोठा स्क्रीन सोडा. ईएससी, सहा एअरबॅग आणि उंची बदलणारी सीट सोडू नका.
* मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा. आजोबांनीही!
* लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनी पक्क्यासाठी जाता येतं. तोवर पुढे-मागे ‘एल’ आणि शेजारी लायसन्सधारक माणूस हवाच.
* शिकवणाऱ्याने ओरडायचं नाही. ओरडलं की नवशिका रस्ता सोडून तुमच्याकडे बघतो.

वाशीमला जायचं तर

समृद्धी महामार्गावरून मालेगाव, शेलूबाजार किंवा कारंजाला उतरा. रेल्वेने अकोला-पूर्णा मार्गावर वाशीम स्टेशन. बघायला वाशीमचं बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर, कारंजाचं गुरुमंदिर, आणि मानोरा तालुक्यातलं बंजारा समाजाचं श्रद्धास्थान पोहरादेवी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. संध्याकाळनंतर जुन्या रस्त्यांवर साठच्या आत. रोह्याला घाई नसते, तुम्हीही करू नका.